तुतूचे गाव कोणते? जयपूरची ममी आणि राजवंशांच्या तक्त्याची चिकित्सा

हे टिपण प्राचीन इजिप्तच्या इतिहासाची पूर्ण रूपरेषा देत नाही. पदवीच्या विद्यार्थ्यांना हा इतिहास ज्या तक्त्यातून शिकवला जातो, त्या तक्त्याची ही चिकित्सा आहे. टिपण वाचून झाल्यावर विद्यार्थ्याला तीन गोष्टी सांगता याव्यात. राजवंशांची यादी कोणी आणि का केली, ती कुठे उपयोगी पडते, आणि शहराचा इतिहास तिच्यात का मावत नाही. उदाहरण म्हणून जयपूरच्या अल्बर्ट हॉल संग्रहालयातील ममी घेतली आहे.

१. एक चुकलेला प्रश्न

मी सांगानेरमधल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात स्थापत्य शाखेला शिकवते. मानव्यशास्त्राचा एक ऐच्छिक विषय काही वर्षांपासून माझ्याकडे आहे. त्यात प्राचीन नगररचनेचा एक घटक येतो आणि त्या घटकात इजिप्त येतो. एका अंतर्गत परीक्षेत मी प्रश्न घातला होता: प्राचीन इजिप्तमध्ये एकूण किती राजवंश होऊन गेले? माझ्या उत्तरपत्रिकेत ३० हे उत्तर होते. एका मुलाने ३१ लिहिले, मी गुण दिला नाही. तो पुस्तक घेऊन आला. पुस्तकात ३१ होते. दुसऱ्या एका मुलीच्या पुस्तकात मॅसिडोनियन आणि टॉलेमी ही घराणी धरून ३३ होते. मी दोघांनाही गुण दिले आणि विषय मिटवला. खरे तर तो तिथे मिटायला नको होता. बरोबर आकडा कोणता, एवढ्यावरच आम्ही थांबलो. आकडा बदलतो का, हे मी सांगितले नाही, कारण तोवर मलाही ते नीट माहीत नव्हते.

पुढच्या सत्रात मुलांना घेऊन अल्बर्ट हॉल पाहायला गेले. ममीच्या पेटीसमोर त्याच मुलाने विचारले, "मैम, तुतू कितव्या राजवंशातली?" तेव्हा माझ्या लक्षात आले की माझ्या तक्त्यात या बाईला जागाच नाही. क्रमांक दिलेले राजवंश संपल्यानंतरच्या काळातली ती आहे.

२. तुतूची ओळख आणि तिच्यातल्या तीन अडचणी

अल्बर्ट हॉलची पायाभरणी १८७६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते झाली. सॅम्युएल स्विंटन जेकब यांच्या देखरेखीखाली इमारत उभी राहिली आणि १८८७ मध्ये संग्रहालय लोकांसाठी खुले झाले. तिथल्या ममीची सर्वत्र दिली जाणारी ओळख अशी आहे: नाव तुतू, स्त्री, मूळ स्थान पॅनोपोलिस म्हणजे आजचे अखमीम, काळ टॉलेमी घराण्याचा, आणि कुटुंब खेम या देवाच्या पुजाऱ्यांचे. आवरणावर पंख पसरलेला भुंगा रंगवलेला आहे. तो पुनर्जन्माचे चिन्ह मानला जाई.

ही ओळख खोटी नाही, पण तिच्यातले तीन शब्द तपासून घ्यायला हवेत.

पहिला शब्द वयाचा. बातम्यांत ही ममी कधी २३०० तर कधी २४०० वर्षांची असते. हिशोब करून पाहा. टॉलेमी पहिला इ.स.पू. ३२३ मध्ये प्रांताधिपती म्हणून इजिप्तमध्ये आला, इ.स.पू. ३०५ च्या सुमारास त्याने राजा ही पदवी घेतली, आणि इ.स.पू. ३० मध्ये सातव्या क्लिओपात्राबरोबर हे घराणे संपले. म्हणजे टॉलेमी काळातली कोणतीही वस्तू आज साधारण २०५० ते २३५० वर्षांची असू शकते. २४०० वर्षे मागे गेलो तर आपण इ.स.पू. ३७६ च्या आसपास पोहोचतो. तेव्हा इजिप्तवर तिसाव्या राजवंशाचा पहिला नेक्टानेबो राज्य करत होता. म्हणजे "टॉलेमी काळातली" आणि "२४०० वर्षांपूर्वीची" ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकत नाहीत. ही चूक होते, कारण काळाचा पट्टा दिलेला असताना वाचणारा पट्ट्याचा आरंभ उचलतो आणि वरून पूर्णांक करतो. घराण्याची सुरुवात ही त्या घराण्याच्या काळात मेलेल्या माणसाची जन्मतारीख नसते. प्रयोगशाळेत मोजमापाबरोबर त्रुटीची मर्यादा लिहिली नाही तर आपण गुण कापतो. इतिहासाच्या टिपणातही तोच नियम लावायला हवा.

दुसरा शब्द देवाचा. "खेम" हे नाव एकोणिसाव्या शतकातल्या वाचनाचे आहे. त्या देवाचे चिन्ह तेव्हा तसे वाचले जाई. आजचे अभ्यासक त्याला मिन म्हणतात. मिन हा सुफलतेचा आणि नाईलच्या पूर्वेकडील वाळवंटी वाटांचा देव. त्याची दोन मोठी ठाणी म्हणजे कोप्टोस आणि अखमीम. ग्रीकांनी मिनची सांगड आपल्या पॅन देवाशी घातली, म्हणून गावाचे नाव पॅनोपोलिस झाले. गावाचे जुने नाव इपू, दुसरे खेंत-मिन, आणि त्यातूनच पुढे अरबी अखमीम आले. म्हणजे एका ओळीच्या ओळखीत तीन काळांचे शब्द एकत्र बसले आहेत: ग्रीक नाव गावाचे, १८८० च्या दशकातले वाचन देवाचे, आणि आजचे नाव नकाशावरचे. विद्यार्थी पुस्तकात खेम शोधतो, त्याला तो सापडत नाही, आणि मग तो देव किरकोळ होता असा समज करून घेतो. प्रत्यक्षात मिन हा इजिप्तच्या सर्वांत जुन्या देवांपैकी एक आहे.

तिसरा शब्द "टॉलेमी काळ". तुतूच्या काळी तिच्या गावात राजा कोण होता, याचे उत्तर या दोन शब्दांत मिळते असे वाटते. पण तसे मिळत नाही. त्याकडे पाचव्या भागात येऊ.

३. तक्ता आला कुठून

तीस राजवंशांची मांडणी मानेथो या पुरोहिताची. तो सेबेन्निटोस गावचा, इ.स.पू. तिसऱ्या शतकातला. त्याने इजिप्तचा इतिहास ग्रीक भाषेत लिहिला, आणि तो लिहिताना इजिप्तवर राज्य टॉलेमींचेच होते. ग्रंथ मूळ स्वरूपात उरलेला नाही. जोसेफस, आफ्रिकानस, युसेबियस यांनी घेतलेले उतारे आणि सारांश तेवढे हाती आहेत, आणि आकड्यांच्या बाबतीत ते एकमेकांशी जुळत नाहीत. इराणी सत्तेचा दुसरा अल्प काळ एकतिसावा राजवंश म्हणून नंतर जोडला गेला. माझ्या परीक्षेतला ३० आणि ३१ चा घोळ इथला. दोन्ही आकडे बरोबर होते, प्रश्नच अपुरा होता.

आणखी एक गोष्ट पाठ्यपुस्तकात सहसा येत नाही. मानेथोने राजवंशांना क्रमांकाबरोबर शहरांची ओळखही दिली होती. पहिले दोन राजवंश थिनिसचे, त्यापुढचे मेम्फिसचे, मग हेराक्लिओपोलिसचे, थीब्जचे, क्सोइसचे, टॅनिसचे, बुबास्टिसचे, साइसचे, मेंडेसचे, आणि तिसावा त्याच्या स्वतःच्या सेबेन्निटोसचा. म्हणजे मूळ यादीत शहर आणि घराणे बरोबरीने होते. आपल्या टिपणांनी क्रमांक ठेवला आणि शहर गाळले. उरलेला तक्ता पाठ करायला सोपा झाला, पण त्यातला अर्धा मजकूर गेला.

मानेथोच्या आधीही याद्या होत्या. पाचव्या राजवंशातला मानला जाणारा पालेर्मोचा शिलालेख, दुसऱ्या रामसेसच्या काळातला ट्युरिनचा पपायरस, आणि अबायडोसच्या मंदिरात पहिल्या सेतीने कोरवलेली नामावली. अबायडोसची नामावली म्हणजे पूर्वजांना नैवेद्य अर्पण करण्याची यादी होती. तिच्यात हॅटशेपसुट नाही, अखेनातेन नाही, तुतनखामेन नाही, आय नाही. ज्यांना पूर्वज मानायचे नव्हते त्यांची नावे वगळली गेली. यादी वाचताना पहिला प्रश्न हाच विचारावा की ती कशासाठी केली होती.

४. तक्ता काय लपवतो

एकाखाली एक ओळी लिहिल्या की वाचणाऱ्याला वाटते, एक घराणे संपले आणि दुसरे आले. इजिप्तमध्ये अनेकदा तसे झाले नाही. पंधरावा राजवंश म्हणजे हिक्सोस हे त्रिभुज प्रदेशातल्या अवारिसमधून राज्य करत होते, तेव्हाच दक्षिणेत थीब्जमध्ये सतरावा राजवंश होता. इ.स.पू. आठव्या शतकात कुशचा राजा पिये उत्तरेवर चालून गेला. त्याच्या विजयाच्या शिलालेखात शरण आलेले चार स्थानिक राजे दिसतात, हर्मोपोलिसचा, हेराक्लिओपोलिसचा, बुबास्टिसचा आणि लिओन्टोपोलिसचा. चारही जण एकाच वेळी राजे होते. बाविसावा, तेविसावा, चोविसावा, पंचविसावा असे ओळीने पाठ करणाऱ्या विद्यार्थ्याला हे चित्र कधीच दिसत नाही. सातव्या राजवंशाबद्दल तर आफ्रिकानसच्या उताऱ्यात मेम्फिसचे सत्तर राजे, सत्तर दिवस, असे आहे. ही गणना नव्हे, गोंधळाच्या काळाचे ते वर्णन असावे. तक्त्यात मात्र त्याला इतरांइतकीच एक ओळ मिळते.

राजाच्या नावावर विसंबून शहर चुकीचे ओळखले गेल्याचे सर्वांत बोधप्रद उदाहरण टॅनिसचे आहे. फ्रेंच उत्खननकर्ते प्येर माँते यांनी १९२९ पासून तिथे काम केले. जिकडे तिकडे दुसऱ्या रामसेसच्या नावाचे दगड, खांब, पुतळे. त्यावरून हीच रामसेसची राजधानी पी-रामसेस, असे त्यांनी मानले. नंतरच्या संशोधनातून स्पष्ट झाले की पी-रामसेस दक्षिणेला, आजच्या कांतीरजवळ होते. नाईलचा ज्या फाट्यावर ते शहर वसले होते तो गाळाने भरत गेला, बंदर निकामी झाले, वस्ती हलली, आणि नव्या टॅनिससाठी जुन्या राजधानीचे दगड वाहून नेले गेले. दगडावर राजाचे नाव खरे होते, पण दगड आपल्या जागेवर नव्हता. स्थापत्याच्या विद्यार्थ्यांना मी हे उदाहरण मुद्दाम देते. शहर का हलले याचे उत्तर वंशावळीत नसून नदीच्या गाळात होते.

तक्ता सामान्य माणसालाही लपवतो. फ्लिंडर्स पेट्री यांनी १८८९ मध्ये काहून इथे बाराव्या राजवंशातली एक नियोजित वस्ती खोदली. सरळ रस्ते, एका भिंतीच्या एका बाजूला छोटी घरे दाटीवाटीने, आणि दुसरीकडे त्यांच्या कितीतरी पट मोठे वाडे. नगररचनेचा नकाशा समाजरचना कशी उघड करतो, हे दाखवायला याहून चांगला आराखडा मिळणार नाही. देर अल-मदिना इथल्या थडगी कोरणाऱ्या कारागिरांनी तिसऱ्या रामसेसच्या २९ व्या वर्षी धान्याचा पगार थकला म्हणून काम थांबवले, त्याची नोंद पपायरसवर उरली आहे. तक्त्यात तिसरा रामसेस विसाव्या राजवंशातला दुसरा राजा म्हणून येतो. त्याच्या कारकिर्दीतला संप येत नाही.

५. शहराकडून पाहू: अखमीम

आता तुतूचा इतिहास राजाऐवजी गावाकडून वाचून पाहू. अखमीम सोहागसमोर, नाईलच्या पूर्व किनाऱ्यावर आहे. जुन्या प्रशासकीय विभागणीत हा दक्षिण इजिप्तचा नववा प्रांत, मिनचा प्रांत.

या गावाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दोन लाकडी पाट्या कैरोच्या संग्रहालयात आहेत. त्या मध्य राज्याच्या काळातल्या आहेत. त्यांवर हेकत या धान्याच्या मापाचे ३, ७, १०, ११ आणि १३ ने केलेले भागाकार आहेत, ताळा करून पाहिलेल्या पायऱ्यांसह. अपूर्णांकांशी झगडणाऱ्या विद्यार्थ्याला चार हजार वर्षांपूर्वीचा एक सहाध्यायी इथे भेटतो.

अठराव्या राजवंशात या गावातला युया हा मिनचा पुरोहित आणि त्याच्या गुरांचा अधीक्षक होता. त्याची आणि त्याची पत्नी तुया हिची मुलगी तिये तिसऱ्या आमेनहोतेपची पट्टराणी झाली. अखेनातेन तिचा मुलगा. युया आणि तुया यांचे थडगे १९०५ मध्ये राजांच्या खोऱ्यात सापडले. तुतनखामेननंतर गादीवर आलेला आय यानेही अखमीमजवळच्या डोंगरात मिनसाठी मंदिर कोरवले. म्हणजे राजघराण्याला सून देणारे हे गाव होते, तरी राजवंशांच्या तक्त्यात त्याचे नाव कुठेच नाही, कारण इथे राजधानी नव्हती.

टॉलेमी पहिला याने अखमीमपासून जवळच, नदीच्या दुसऱ्या काठावर टॉलेमाइस नावाचे नवे ग्रीक शहर वसवले. पुढे स्ट्रॅबोने ते थीब्जच्या प्रदेशातले सर्वांत मोठे शहर म्हणून नोंदवले. त्याच लेखकाने पॅनोपोलिसची ओळख तागाचे कापड विणणाऱ्यांचे आणि दगड घडवणाऱ्यांचे जुने गाव अशी दिली. सत्ता नव्या शहरात गेली, माग आणि छिन्न्या जुन्या गावात राहिल्या.

आता दुसऱ्या भागात अर्धवट सोडलेल्या प्रश्नाकडे येऊ. इ.स.पू. २०५ च्या सुमारास दक्षिण इजिप्तने टॉलेमींविरुद्ध उठाव केला. होरवेन्नेफर आणि त्याच्यानंतर अंखवेन्नेफर हे तिथे फेरो म्हणून मानले गेले. इ.स.पू. १८६ पर्यंत हे चालले. थीब्जच्या प्रदेशातले काही दस्तऐवज या राजांच्या राज्यवर्षांनी दिनांकित आहेत. याच काळात, इ.स.पू. १९६ मध्ये, पाचव्या टॉलेमीच्या सन्मानार्थ रोझेटाचा सुप्रसिद्ध शिलालेख कोरला गेला. दोन्ही कागदांवर एकाच वर्षासाठी वेगवेगळे राजे. पुढे इ.स.पू. १६० च्या दशकात पुन्हा बंड झाले तेव्हा बंडखोर पॅनोपोलिसमध्ये जमले, कारण जुन्या उंच टेकाडावर वसलेले ते गाव बळकट होते. सहाव्या टॉलेमीला वेढा घालून ते जिंकावे लागले, असे डायोडोरसने लिहिले आहे.

तुतू या पावणेतीनशे वर्षांत नेमकी केव्हा जगली हे "टॉलेमी काळ" या शब्दांतून कळत नाही. ती वेढ्याच्या आधीची असेल तर तिचे जग एक, नंतरची असेल तर दुसरे. तिच्या घरच्यांनी देवळात कोणत्या राजाच्या नावाने नैवेद्य दाखवला असेल, हा प्रश्न तक्ता पाहून सुटणारा नाही. पण ती ज्या गावची होती ते गाव गप्प बसणारे नव्हते, एवढे आपण खात्रीने सांगू शकतो. माझ्या विद्यार्थ्याला मी त्या दिवशी हे उत्तर द्यायला हवे होते.

इथे एक दुःखाची बाजूही आहे. १८८४ मध्ये गास्तों मास्पेरो यांच्या काळात अखमीमचे विस्तीर्ण दफनस्थान उघडले गेले. त्यानंतर थोड्या वर्षांत हजारो ममी, पेट्या आणि कापडाचे तुकडे जगभरच्या संग्रहालयांत आणि खाजगी हातांत गेले. कोणते शव कोणत्या थडग्यात, कोणाशेजारी, कशासह होते याच्या नोंदी बहुतेक ठेवल्या गेल्या नाहीत. जयपूरची ममी एकोणिसाव्या शतकाच्या त्याच शेवटच्या टप्प्यात इथे आली. शरीर पोहोचले, संदर्भ वाटेत हरवला. नाव, देव आणि घराणे एवढ्यावर तिची ओळख का थांबते, याचे कारण इथे आहे. ते केवळ पाटी लिहिणाऱ्याच्या माथी मारता येत नाही.

ऑगस्ट २०२० मध्ये जयपुरात एका दिवसात प्रचंड पाऊस झाला आणि पाणी अल्बर्ट हॉलमध्ये शिरले. कर्मचाऱ्यांनी पेटीची काच फोडून ममी बाहेर काढली आणि ती वाचली. फायली आणि कागद मात्र भिजले, दिवसचे दिवस ते वाळत घातले होते. कर्मचाऱ्यांचे कौतुक करायलाच हवे. पण तळघर, पर्जन्यजलाचा निचरा आणि संग्रहाची जागा हा स्थापत्य अभियांत्रिकीचा प्रश्न आहे, हेही माझ्या वर्गाने त्या बातमीतून शिकावे.

६. आपल्या अंगणात हीच अडचण

हा दोष इजिप्तच्या इतिहासापुरता नाही. जयपूर १७२७ मध्ये सवाई जयसिंहांनी वसवले, विद्याधर भट्टाचार्य यांच्या आराखड्यानुसार. कछवाहांचा इतिहास दौसा, खोह, आमेर, जयपूर अशा राजधान्यांच्या क्रमाने शिकवला जातो. सांगानेर जयपूरहून जुने असूनही या क्रमात बसत नाही. इथल्या छीपा कुटुंबांची पांढऱ्या जमिनीवरची ठशांची छपाई, इथल्या पाण्यावर धुतले जाणारे कापड, इथले जुने जैन मंदिर, यांपैकी काहीही वंशावळीत सापडणार नाही. अखमीम आणि टॉलेमाइस यांचे नाते समजायला माझ्या विद्यार्थ्यांना दूर जावे लागत नाही. ते रोज बसने सांगानेरहून जयपूरला जातात.

महाराष्ट्रातही तेच. सातवाहनांसाठी पुराणांच्या याद्या आहेत. मत्स्यपुराणात सुमारे तीस राजे आणि साडेचारशे वर्षांहून अधिक काळ, तर वायुपुराणात राजे कमी आणि काळ सुमारे तीनशे वर्षांचा. मानेथोच्या उताऱ्यांसारखीच ही विसंगती. तिचा निवाडा याद्यांची घासाघीस करून होत नाही, नाणी आणि शिलालेखांनी होतो. १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी इथे नहपानाच्या तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा मिळाला. त्यांतल्या बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उठवला होता. दोन राजे समकालीन होते आणि एकाने दुसऱ्यावर मात केली, हे त्या धातूवर लिहिलेले आहे. पैठण, तेर, जुन्नर, नाशिक ही नावे बाजूला ठेवून केवळ राजांची नावे पाठ केली तर हा पुरावा कुठे ठेवायचा हेच कळत नाही.

इजिप्तच्या ममी भारतात आणखीही आहेत. कोलकाता, हैदराबाद, आणि सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्यात. ज्या विद्यार्थ्याला जे संग्रहालय जवळ असेल तिथे जाऊन हेच तीन शब्द, म्हणजे वय, देव आणि काळ, तपासता येतील.

७. तक्त्याच्या बाजूने

चिकित्सा एकांगी होऊ नये म्हणून दुसरी बाजूही पाहू. राजवंशांची चौकट नसती तर इजिप्तच्या मातीच्या भांड्यांचा, थडग्यांचा, लेखनशैलींचा क्रम लावणे कठीण गेले असते. ती मापपट्टी आहे आणि पुष्कळ बाबतीत चांगली मापपट्टी आहे. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या रेडिओकार्बन अभ्यासात जुन्या, मध्य आणि नव्या राज्याच्या कालखंडातल्या वनस्पतींचे नमुने तपासले गेले, आणि इतिहासकारांनी मांडलेल्या कालक्रमाला त्यातून मोठ्या प्रमाणात दुजोरा मिळाला. मानेथोची विभागणी दोन हजारांहून अधिक वर्षे टिकली, ती उगीच नव्हे.

म्हणून तक्ता फेकून द्यावा असे माझे म्हणणे नाही. मापपट्टीला इमारत समजू नये, एवढेच म्हणणे आहे. टिपण लिहिताना प्रत्येक राजवंशापुढे तीन रकाने वाढवावेत: सत्तेचे शहर, त्याच वेळी दुसरीकडे कोणाची सत्ता होती, आणि ही माहिती कोणत्या पुराव्यावरून मिळते. तिसरा रकाना अनेक ठिकाणी जवळजवळ रिकामा राहील. तो तसाच दिसू द्यावा. रिकामा रकाना पाहून विद्यार्थी प्रश्न विचारतो. भरलेला तक्ता पाहून तो पाठ करतो.

८. समारोप

माझी परीक्षेतली चूक मी आता अशी सुधारली आहे. राजवंश किती, हा प्रश्न मी विचारत नाही. मानेथोने किती मोजले, एकतिसावा का जोडला गेला, आणि टॉलेमींना काही पुस्तके क्रमांक का देत नाहीत, असे विचारते. उत्तर लांबते, तपासायला वेळ लागतो, गुणही कमी-जास्त होतात. पण गुणांवरून वाद घालायला येणारा विद्यार्थी आता पुरावा घेऊन येतो.

तुतूच्या प्रश्नाचे माझे आजचे उत्तर असे: ती कितव्याही राजवंशातली नाही. ती अखमीमची आहे, विणकरांच्या आणि पाथरवटांच्या गावची, मिनच्या देवळाशी नाते असलेल्या घरातली. तिच्या गावावर परक्या घराण्याची सत्ता होती आणि त्या गावाने ती मुकाट्याने मानली नव्हती.

स्वाध्याय

१. मानेथोच्या मांडणीत शहराची भूमिका कोणती होती? कोणत्याही पाच राजवंशांच्या आधारे लिहा.

२. "टॉलेमी काळातली २४०० वर्षांची ममी" या विधानातली विसंगती आकडेमोड करून दाखवा.

३. पी-रामसेस आणि टॅनिस यांच्या उदाहरणावरून नदीचा प्रवाह, बांधकाम साहित्याचा पुनर्वापर आणि शहराची ओळख यांतला संबंध स्पष्ट करा.

४. अबायडोसच्या नामावलीतून काही राजे का वगळले गेले असावेत? पुराणांतल्या सातवाहन याद्यांशी तुलना करा.

५. तुमच्या जिल्ह्यातले असे एक जुने गाव निवडा जे कधीही राजधानी नव्हते. त्याचा इतिहास राजांची नावे न वापरता एका पानात लिहा आणि कोणते पुरावे हाताशी लागले ते नोंदवा.